आठ बिऱ्हाडांची त्र्याहत्तर घरं

मुलांनो, एक लांबलचक लाकडी रॅक डोळ्यांसमोर आणा. शाळेच्या दारात चपला ठेवायला असतो तसा. त्याला त्र्याहत्तर कप्पे आहेत. पहिल्यावर शून्य लिहिलंय, शेवटच्यावर बहात्तर. आता आत डोकावा. चार नंबरच्या कप्प्यात एक जोडी आहे, सातमध्ये एक, नऊमध्ये एक, चौदामध्ये एक. मग थेट चाळीस आणि एकेचाळीस. मग सहासष्ट. मग बहात्तर. बाकी सगळीकडे धूळ.

आणलात का? घाई नाही. चाळीस वर्षं मी मुलांना गणित शिकवलं आहे, मला थांबता येतं. फक्त एक गोष्ट सांगून ठेवतो. मी सध्या अतिशय रागावलेलो आहे. तुमच्यावर नाही. पण राग आला की मी अधिकच सावकाश बोलतो, आणि माझे जुने विद्यार्थी माझ्या ओरडण्यापेक्षा त्या सावकाश बोलण्यालाच जास्त भीत असत.

तर हा रॅक म्हणजे कैरोच्या शुब्रा भागातली आमची इमारत. मूळ नकाशात बहात्तर घरं होती. आम्ही आठ जणांनी नकाशावर बोट ठेवून आपापलं घर घेतलं, करार नोंदवले, आणि त्यानंतर परवानगी आली ती चार मजल्यांची. मजल्यावर दोन, म्हणजे घरं आठ. बिल्डर म्हणाला, नंबर बदलून घ्या. आम्ही नोंदणी कचेरीत गेलो बदलायला. पहिल्या खिडकीवर सांगितलं की इतर सातांची हरकत नसल्याचं पत्र आणा. दुसऱ्या खिडकीवर सांगितलं की हरकत नसलेल्यांनी आधी स्वतःचे नंबर बदललेले असले पाहिजेत. तिसरी खिडकी बंद होती. तेव्हापासून जो आकडा करारात, तोच दारावर. मी दुसऱ्या मजल्यावर, चौदामध्ये राहतो आणि माझ्या डोक्यावर चाळीस नंबर राहतो. माझ्यासारख्या गणिताच्या मास्तराला रोज जिना चढताना हे सहन करावं लागतं.

इमारतीच्या दारावर शाझलीकाका असत. दूर दक्षिणेतल्या सोहागकडचे. तेहतीस वर्षं जिन्याखालच्या खोलीत राहून त्यांनी हे दार राखलं. त्यांची नात नवारा त्यांच्याजवळच राहते. दहा वर्षांची आहे, पाचवीत जाते, आणि संध्याकाळी माझ्याकडे गणिताला येते. पोरगी कमी बोलते. चूक दिसली की बोलते, त्यामुळे माझ्याशी बऱ्यापैकी बोलते.

शाझलीकाकांचे गुडघे गेले, तिथून सगळं सुरू झालं. दर पाहुण्यामागे, दर पार्सलामागे बिचारे जिने चढत. मला वाटलं, आपण दारावर एक स्क्रीन लावू. आलेल्या माणसाने नंबर दाबावा, वर त्या घरात बेल वाजावी, घरच्याने बटण दाबून दार उघडावं. काकांनी बसून राहावं. इतका साधा, इतका भला विचार होता. आजवर माझ्या हातून जी जी नुकसानं झाली, ती सगळी अशाच भल्या विचारांतून झाली आहेत.

स्क्रीन लावायची म्हटल्यावर इमारत जागी झाली. नऊ नंबरच्या मदाम इन्साफ सांगत आल्या की त्यांच्या मावसबहिणीच्या इमारतीतली स्क्रीन येणाऱ्याला गोड आवाजात या बसा म्हणते, आणि माझी मुकी आहे हे त्यांना आत्ताच खटकतं आहे. सातवाल्यांनी सुचवलं की उंचीवर लावा, म्हणजे पोरं खेळणार नाहीत. चारवाल्यांची आजी व्हीलचेअरवर, त्यांनी सुचवलं की खाली लावा. बहात्तरचे मम्दूहसाहेब निवृत्त इंजिनियर आणि आमच्या रहिवासी संघाचे अध्यक्ष. त्यांनी दोन दिवस विचार केला आणि कळवलं की दाराशेजारचा संगमरवर सामाईक मालकीचा आहे, त्याला भोक पाडायला पाच सह्या लागतील, आणि अध्यक्षाचं नाव जरा ठळक अक्षरात असावं. पाच सह्यांना तीन आठवडे लागले. ठळक अक्षराला पाच मिनिटं. मी ते केलं. माझी मान तिथेच पहिल्यांदा खाली गेली.

आता नीट लक्ष द्या, इथे थोडं गणित आहे. जावास्क्रिप्ट नावाची एक संगणकाची भाषा आहे. अडुसष्टाव्या वर्षी मी ती शिकलो. तिच्यात यादी करता येते, आपल्या रॅकसारखी. चौदाव्या कप्प्यात लिहा वगदी, म्हणजे मी. बहात्तराव्यात लिहा मम्दूह. मधले कप्पे तुम्ही भरले नाहीत तर यादी रुसत नाही, ते तसेच पोकळ सोडते. पण तिला विचारा, बाई, तुझी लांबी किती? तर ती शेवटचा नंबर बघते, शून्यही धरते आणि म्हणते, त्र्याहत्तर. आठ माणसं आणि डौल त्र्याहत्तरांचा. मी तो आकडा तपासणीसाठी स्क्रीनच्या तळाशी बारीक अक्षरात दाखवला होता, ‘एकूण: ७३’. नवाराने विचारलं होतं की हे असंच राहणार का. मी म्हटलं, नंतर काढू.

नंतर काढू, हे शब्द मी वर्गात कुणालाही उच्चारू दिले नसते.

नंबरवाला घरी नसेल तर काय करायचं, हा खरा प्रश्न होता. तो मी शाझलीकाकांनाच विचारला. ते म्हणाले, वस्तू त्याच्या खालच्या बिऱ्हाडात द्यायची. तोही नसेल तर त्याच्या खालच्या. खालीच का? कारण वरचा परत आला की गॅलरीतून दोरीला बांधलेली टोपली सोडतो, खालचा ती हात पुढे करून धरतो, वस्तू ठेवतो, वरचा ओढून घेतो. कुणाला जिना नको. तेहतीस वर्षांचा हा नियम मी चार ओळींत लिहिला. दाबलेल्या नंबरपासून निघ. कप्प्यात कोणी आहे का बघ. असेल तर त्याची बेल वाजव. नसेल तर एकाने खाली ये आणि पुन्हा बघ. पन्नास दाबलं तर एकोणपन्नास, अठ्ठेचाळीस असं करत चाळीसला थांब. मला तो नियम इतका आवडला की मी बायकोला दोनदा वाचून दाखवला. ती भेंडी चिरत होती. तिने विचारलं, चौदाच्या वर किती रिकामं आहे? मी म्हटलं, चाळीसपर्यंत. ती म्हणाली, बरं. तेव्हाच समजायला हवं होतं.

जुलै लागला आणि अर्धी इमारत रास अल-बरला समुद्रावर गेली. चाळीस, एकेचाळीस, सहासष्ट, बहात्तर, सगळे. मी त्यांची नावं पुसली. दुसऱ्या दिवशी इस्त्रीवाला एकेचाळीसचे शर्ट घेऊन आला आणि बंद घराची बेल वाजवत पाऊण तास उन्हात उभा राहिला. मी खाली जाऊन स्क्रीनला बरंच बोललो. नवारा पायरीवर बसून बघत होती. तिने विचारलं, उस्ताद, तुम्ही नाव पुसलंत की कप्पा काढलात? मी म्हटलं, एकच आहे ते.

“एकच कसं? आमच्या गावाकडच्या घरात कोणी नाही म्हणजे घर नाही असं नाही. टपालवाला तिथे जातोच.”

पोरीचं बरोबर होतं. मी कप्प्यात कोरं नाव ठेवलं होतं. संगणकाच्या लेखी कप्पा भरलेला होता, फक्त आतला माणूस बिननावाचा होता. आम्ही चारही कप्पे काढून टाकले. यादी खरोखर पोकळ झाली. नियम बिनचूक चालू लागला, आणि त्या बिनचूकपणाने माझं घर बुडवलं.

बघा हिशेब. पंधरापासून बहात्तरपर्यंत कुठलाही नंबर दाबा, सर्वांत जवळचं खालचं भरलेलं घर कोणतं? चौदा. एकेचाळीसचे शर्ट आले, माझ्या दिवाणखान्यात लटकले. बहात्तरसाठी इस्माइलियाहून आंब्यांच्या तीन पेट्या आल्या. चाळीससाठी पाण्याचा फिल्टर बदलणारा आला आणि बदलायला दुसरा फिल्टर नाही म्हणून माझाच बदलून गेला. सहासष्टच्या सुनेला मुलगा झाला होता, ती माहेरी होती, आणि तांताहून तिच्या आत्याने बाळंतिणीसाठी बदकं पाठवली. जिवंत. चार. ती आमच्या न्हाणीघरात राहिली. मी नऊ दिवस बदकांच्या नजरेसमोर आंघोळ केली. माझ्या वयाच्या, माझ्या शिक्षणाच्या माणसाने.

मदाम इन्साफना सांगितलं तर म्हणाल्या, मग तुम्हीही जा ना समुद्रावर, म्हणजे सगळं मला येईल आणि मी बघते. बदकं कशी बनवायची तेही सांगितलं त्यांनी.

अशात वॉर्ड ऑफिसचा निरीक्षक आला. आला होता शेजारच्या इमारतीची वाढवलेली गॅलरी बघायला, पण चमकती स्क्रीन दिसली म्हणून थांबला. पूर्वी दारात कोणी सरकारी माणूस थांबला की शाझलीकाका खुर्ची पुढे करत, चहा आणत, आणि तो चहा संपेपर्यंत त्याचं काम आमच्याकडे नसून पुढच्या गल्लीत आहे हे त्याला पटलेलं असे. पण काका खोलीत पडले होते. मीच त्यांना सांगितलं होतं, आता आराम करा, यंत्र आहे.

निरीक्षकाने तळाची बारीक अक्षरं वाचली. बारीक अक्षरं वाचणं हाच त्याचा धंदा. त्याने कागद उघडून बघितला, परवानगी आठ घरांची. मग मला शांतपणे विचारलं की उरलेली पासष्ट घरं कुठे बांधली आहेत. मी त्याला पोकळ कप्पे समजावून सांगितले. रॅकचं उदाहरण दिलं. तो म्हणाला, म्हणजे घरं आहेत पण रिकामी आहेत. मी म्हटलं, घरं नाहीतच, फक्त लांबी आहे. त्याने लिहून घेतलं, ‘लांबी आहे’. मी घाबरून शेवटचे कप्पे काढून दाखवायला गेलो. पण मम्दूहसाहेब तर आधीच काढलेले, आणि तरी आकडा त्र्याहत्तरच. या भाषेची ही एक खोड आहे, मुलांनो. शेवटचा कप्पा काढला तरी यादी आपली लांबी सोडत नाही. मी त्याच्यासमोर एकेक नाव उडवून परत घालत होतो आणि खाली ७३ हलत नव्हतं. त्याच्या नजरेत मी पुरावे नष्ट करणारा म्हातारा होतो.

मग त्याने स्वतः तपासायचं ठरवलं. पहिल्या घरापासून सुरू करू म्हणाला आणि एक दाबलं.

एकमध्ये कोणी नाही. यंत्र खाली आलं, शून्य. तिथेही कोणी नाही. मग उणे एक. उणे दोन. मी त्याला कुठे थांबायचं ते सांगितलंच नव्हतं. चाळीस वर्षं मी मुलांच्या वहीवर लिहीत आलो, उत्तर नसेल तेव्हा काय, तेही लिहा. माझ्या चार ओळींत ते नव्हतं. ते बिचारं जमिनीखाली, पाताळाखाली घर शोधत गेलं. स्क्रीन गोठली, तापली, आणि काळी झाली. निरीक्षकाने लिहिलं, ‘तपासणीत अडथळा’. शुक्रवारी परत येतो म्हणाला. तोवर पासष्ट घरं नसल्याचा दाखला तयार ठेवा. तो कुठे मिळतो, मी विचारलं. त्याने सांगितलं, नमुना मी आणीन.

बातमी रास अल-बरला पोहोचली आणि मम्दूहसाहेब दुसऱ्या दिवशी परतले. आंब्यांबद्दल अवाक्षर नाही. थेट सभा बोलावली, आपल्याच घरी, आणि आम्ही चौघं गेलो. मला वाटलं होतं, मला झाडतील. मी तयारी करून गेलो होतो. पण त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, सरकारी माणूस आला तेव्हा राखणदार दारावर नव्हता. आता दारावर यंत्र आहे. ते दुरुस्त होईल. मग या माणसाचं काम काय? महिनाअखेर शाझलीने गावी जावं, जिन्याखालची खोली संघाच्या सामानाला घ्यावी. कागद टाइप करून तयार होता. शुक्रवारी बाकीचे समुद्रावरून आले की सह्या.

मी उभा राहिलो. मी म्हटलं, यंत्र त्यांच्या गुडघ्यांसाठी बसवलं होतं, त्यांच्या जागेवर नाही.

“उस्ताद,” मम्दूहसाहेब अगदी मायेने म्हणाले, “बसवलंत तर तुम्हीच ना?”

मला त्या माणसाचा इतका राग आला की जिना उतरताना कठड्यावरची पकड सुटेना. त्याहून जास्त राग माझा मला आला. खोली गेली की शाझलीकाका सोहागला जाणार. ते गेले की नवारा जाणार. तिथे शाळा गावापासून किती लांब आहे ते तिनेच मला एकदा सांगितलं होतं, उदाहरण म्हणून, वेग आणि अंतराचं गणित सोडवताना.

मी काकांच्या खोलीत गेलो. ते पेटीला दोरी बांधत होते. मला म्हणाले की बदकांना पाणी रुंद भांड्यात द्या, अरुंद भांड्यात त्यांची चोच अडकते. मी बाहेर येऊन स्क्रीन भिंतीवरून उचकटायला घेतली. संगमरवराचं जे व्हायचं ते होवो. पाच सह्या गेल्या खड्ड्यात. नवाराने माझी बाही धरली.

“उस्ताद, ते खाली खाली गेलं तेव्हा शून्यावरून गेलं ना?”

हो म्हटलं.

“शून्यावर कोणी का नव्हतं?”

मी सांगायला लागलो की यादी करारांवरून केली, करार आठच, आणि मध्येच थांबलो. तेहतीस वर्षं हा माणूस या इमारतीत राहतो आहे, आमच्या सगळ्यांच्या खाली, जमिनीला लागून, आणि मी आठ नावं लिहिली. माझ्या मनात मम्दूहसाहेबांबद्दल जे जे आलं होतं ते गिळावं लागलं. त्याची चव अजून तोंडात आहे. मी खाली बसलो, यंत्र चालू केलं, आणि कीबोर्ड नवाराकडे सरकवला. बेलांच्या खोक्यात नववी बेल पडून होती, नऊच्या संचात आलेली. ती तिने आजोबांच्या खोलीत लावून घेतली, शून्याच्या कप्प्यात शाझली लिहिलं, आणि मग माझ्याकडे न बघता बाकीचे कप्पे काढायला सुरुवात केली. बहात्तर, सहासष्ट, एकेचाळीस, चाळीस. चौदाला क्षणभर थांबली. मी म्हटलं, काढ. नऊ, सात, चार. एकूण अजूनही त्र्याहत्तर. त्यात माणूस एक.

शुक्रवारी नमाजानंतर सगळे जमू लागले. समुद्रावरून उन्हाने लाल झालेले चाळीसवाले आले आणि त्यांनी सभेसाठी बहात्तर दाबलं. यंत्र बहात्तरवरून खाली खाली येत शून्यावर थांबलं आणि जिन्याखाली बेल वाजली. शाझलीकाका लंगडत बाहेर आले, दार उघडलं, बॅग हातात घेतली, फिल्टरवाला येऊन गेल्याचं सांगितलं. एकेचाळीसवाले आले, त्यांना शर्ट कुठे आहेत ते कळलं. सहासष्टवाल्यांना सुनेसाठी आलेल्या बदकांची खबर. मदाम इन्साफ काहीही न दाबता खाली आल्या, कारण गर्दी दिसली. खुर्च्या आल्या, पुदिन्याचा चहा आला. वर सभेला कुणीच जाईना. मम्दूहसाहेब एक तास वाट बघून रागारागात खाली उतरले, आपल्या घराची बेल वाजत का नाही हे बघायला त्यांनी स्वतः बहात्तर दाबलं, आणि त्यांच्या शेजारून शाझलीकाका म्हणाले, आलो साहेब.

त्याच वेळी निरीक्षक आला. त्याला खुर्ची मिळाली, चहा मिळाला. शाझलीकाकांनी त्याला सांगितलं की पाया खणला तेव्हा आपण इथे होतो, विटा मोजून घेतल्या होत्या, आणि पासष्ट घरं आपल्या नजरेतून सुटली असती तर गावाने आपल्याला परत घेतलं नसतं. निरीक्षक पहिल्यांदा हसला. त्याने नमुना काढला. पासष्ट घरं नसल्याबद्दल कोणाचा जबाब लागतो, हे त्यात छापलेलंच होतं. अध्यक्षाचा नाही, इंजिनियराचा नाही, माझा तर नाहीच. इमारतीच्या राखणदाराचा, जो कामावर आहे अशाचा.

मम्दूहसाहेबांनी खिशातून आपलं पेन काढून शाझलीकाकांच्या हातात दिलं, कुठे सही करायची ते बोटाने दाखवलं, आणि मोठ्या मनाने म्हणाले, कर शाझली. काकांनी सवयीने पेन कागदाला टेकवलं. त्यांना सांगितलं की ते करतात.

नवारा पुढे झाली. तिने आजोबांच्या हातातून पेन काढून घेतलं, त्याला टोपण लावलं, आपल्या फ्रॉकच्या खिशात ठेवलं, आणि मम्दूहसाहेबांसमोर रिकामा हात पसरून उभी राहिली.

“तो दुसरा, टाइप केलेला कागद,” ती म्हणाली. “तो आधी माझ्याकडे द्या.”